वास्तुशांतीची वाटी

कॉलेजातली रुचिरा भांडुपच्या त्या गल्लीतल्या जुन्या कौलारू घरांचा इतिहास लिहायला आली, तेव्हा सुलक्षणाबाईंनी फर्मावलं, "लिही, पहिलं घर माझं!"

"आजी, काही लेखी पुरावा?"

"मी दुसरी शिकलेली, पण माझी मांडणी वाच."

मांडणीवर शेजाऱ्यांनी आपापल्या वास्तुशांतीला दिलेल्या स्टीलच्या वाट्या होत्या. प्रत्येकीवर नाव आणि तारीख कोरलेली. रुचिराने भराभरा सगळं उतरवून घेतलं.

"झकास! आणि तुमची वाटी?"

सुलक्षणाबाईंनी कपाळावर हात मारला. स्वतःच्या वाट्या तर त्यांनी लोकांना वाटल्या होत्या, आणि ते लोक घरं विकून केव्हाच पांगले होते. उरली होती फक्त समोरची जया. पहिलं घर आपलंच म्हणून ती चाळीस वर्षं भांडत आली होती. ती कसली वाटी जपतेय! पण इलाज नव्हता. बाईंनी दारातूनच हाळी दिली.

"जये, माझी वास्तुशांतीची वाटी आहे का गं, की घातलीस भंगारात?"

जया लखलखीत वाटी पदराने पुसत आली. "भंगारात कशाला घालीन? घे, एकाहत्तर सालची. पहिलं घर तुझंच गं बाई, भांडण आपलं सवयीचं." मग मांडणीकडे बघत तिने विचारलं, "आणि माझी वाटी कुठाय?"

"तुझी रोजच्या वापरात असते, तांदूळ मापायला," असं म्हणत सुलक्षणाबाईंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि रुचिराच्या यादीत येऊ नये म्हणून सकाळीच तळाशी पुरलेली जयाची वाटी वर काढली.