नऊ टाका

“चाल माय, गठोडं बांध.” आईचा तो आवाज वीस वर्षांनीही प्रमिलाबाईंच्या कानात ताजा होता. आई तसं का म्हणाली, हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणनव्वद साली धुळ्याच्या एका कचेरीत त्या गावोगावच्या सुनांची उत्तरं कॉम्प्युटरवर चढवत होत्या. ‘सासरी सुखी आहात का?’ हो म्हणाली तर एक, नाही म्हणाली तर दोन, अर्थ लागला नाही तर नऊ. दोनवालीच्या घरी चौकशीला बाई जाणार होती. नऊवालीकडे पुन्हा कुणी फिरकणार नव्हतं.

नरडाण्याच्या एका पोरीनं सांगितलं होतं, “माहेरना कुत्राबी सपनमा येस.”

प्रमिलाबाईंनी दोन दाबला.

“अहो अक्का, ती स्वप्नातल्या कुत्र्याचं सांगतेय,” साहेब हसले. “यात ‘नाही’ कुठंय? मशीनला कळायला नको? नऊ टाका.”

“नाही टाकणार.”

“मग दोन कशावरून?”

 

प्रमिलाबाईंनी चष्मा काढून ठेवला. “सासूसमोर मीही आईला एवढंच म्हणाले होते, साहेब. तिनं त्याच पावली मला घरी आणलं, म्हणून आज तुमच्यापुढं जिवंत बसलेय.”