बुटकी दुर्बीण

दुकानदारानं रायफलीवर चौथी दुर्बीण बसवून पाहिली, तरी तेच. गोळी भरायचा बोल्ट उघडायला त्याची मूठ वर उचलली की ती दुर्बिणीच्या बुडाला टक्कन अडायची.

“ताई, तुमच्या वडिलांची ही रायफल म्हणजे जुनं खोड. मूठ काही वाकायची नाही. दुर्बीण उंच लोखंडी कड्यांत बसवू, मग कुठलीही चालेल.”

“उंच बसवली की नेम धरताना गाल लाकडाला टेकत नाही, काका.”

“मग गालाखाली छानपैकी गादी लावून देतो.”

“गादी नको. बुटकी दुर्बीण दाखवा.”

“त्यापेक्षा दुर्बीणच नको! वडील नुसत्या डोळ्यांनी नेम धरायचे ना?”

“त्यांचे डोळे माझ्याकडे कुठे आलेत?”

बाई हट्टालाच पेटली होती. दुकानदारानं कुरकुरत अख्खं कपाट उपसलं आणि तळातून जेमतेम वीतभर लांबीची एक दुर्बीण काढली. ती लाकडालगत खाली बसली आणि मूठ तिला न शिवता सुळकन वर गेली. बाईचा चेहरा असा उजळला की दुकानदारही विरघळला. लाकडी दस्त्यावर गाल टेकतो तिथला पांढुरका पट्टा त्याला आता दिसला.

“इथलं पॉलिश पार उडालंय की! आणा इकडे, हातासरशी नवं मारून देतो.”

तिनं झटकन त्या जागेवर तळहात ठेवला.

“नको, काका. ते बाबांच्या दाढीनं घासून गेलंय. लहानपणी ती टोचते म्हणून मी गाल काढून घ्यायचे.”