अर्धा आटा

वडील गेल्यापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि कालपासून वडिलांची जुनी स्पोर्ट्स कारही आचके देत होती.

आत्याने बॉनेट उघडलं, रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बुरेटर ऐकले. "यातला एक अधाशासारखा हवा ओढतोय. थोरल्या, नळी घे आणि ऐक. धाकट्या, तू स्क्रू फिरव. मला मध्ये घेऊ नका."

"सैल कर," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

"एवढा?"

"अजून जरासा. बास, बास."

इंजिन एका लयीत चालू लागलं. धाकट्याला हसू आवरेना.

"आत्या, तुला इतक्या लगेच कसं कळलं?"

"कान तयार आहेत माझे," आत्या म्हणाली.

तो स्क्रू अर्धा आटा पिळला होता तिनेच, काल दुपारी, दोघं घरात नसताना.