राणीचा गोठा

“हा फ्रान्सच्या राणीचा गोठा!” आमची टूरवाली पोरगी छत्री वर धरून सांगत होती. “महालाचा कंटाळा आला, की राणी बागेतल्या या खोट्या गावात यायची. ती यायच्या आत गायींना आंघोळ घालून उभं करायचे. भिंती नव्या होत्या, पण जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांवर भेगा रंगवून घेतल्या होत्या.”

मला हसूच फुटलं. चाळीस वर्षं म्हशींच्या धारा काढल्यात मी. म्हटलं, “पोरी, आमच्या म्हातारीचा जन्म गेला भेगा लिंपण्यात, आणि ही बया मुद्दाम रंगवून घेते!”

सगळे हसले. माझा पोरगा श्रीरंग तेवढा भिंतीचे फोटो काढत राहिला. शहरातल्या लोकांना सुट्टीत राहायला तो आमच्या शेतात असंच एक गाव उभारतोय.

“आप्पा, हे बघा, काम सुरू झालं,” म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला. आमच्या गोठ्याच्या जागी मातीचा ढीग, शेजारी जेसीबी.

मी मोबाईल त्याच्या हातातून ओढून घेतला. “अरे, तुझी आई गेली, लिंपताना उमटलेली तिची बोटं तेवढी त्या भिंतीवर राहिली होती. तेवढी भिंत ठेव म्हणून हात जोडले होते ना मी तुला?”

“ठेवतोय की! नव्या भिंतीवर पेंटरकडून बोटं रंगवून घेऊ. लोकांना लई आवडेल,” श्रीरंग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. “तुम्ही फक्त पाहुणे यायच्या आत आंघोळ करून गोठ्यात उभे राहत जा.”