बिनआवाजाची गाडी

“आवाजच नसेल तर गाडी आल्याचं मला कळणार कसं?” हडपसरला इलेक्ट्रिक गाडी ठरवताना सासऱ्यांनी विचारलेलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय. मी लेकीसाठी एअरबॅग, सेफ्टी रेटिंग बघत होते. “बाबा, हॉर्न असतो की,” मी म्हणाले. जुनी डिझेल गाडी कोपऱ्यावर घरघरली की ते चाचपडत खाली जाऊन सोसायटीचं फाटक उघडत. तेवढंच काम त्यांच्याकडे उरलेलं. काल नव्या गाडीचा चार्जर इमारतीमागे बसवला म्हणून माझा नवरा सुदर्शन मागच्या गेटनं आला. तो चहाला बसला तरी बाबा दिसेनात. खिडकीतून पाहिलं, तर फाटकाची कडी धरून रस्त्याकडे कान लावून उभे. “बाबा, वर या.” “सुदर्शन येऊ दे गं. गेट कोण उघडणार त्याला?” नवऱ्याच्या हातातला कप तसाच राहिला. घरी पोचलात की बघा, तुमच्यासाठी कुणी बाहेर ताटकळत नाही ना.