टेमघरचं उजवं वळण

टेमघरच्या उजव्या वळणावर प्रितेशची गाडी बाहेर फेकली जायची. दिवस भरलेल्या बायकोला, मनालीला, याच गाडीतून दवाखान्यात न्यायचं होतं. म्हणून दुपारीच तो मानकोलीला चाकांच्या अलाइनमेंटवाल्याकडे आला.

मेकॅनिक जीवनने गाडी रॅम्पवर चढवली, स्टिअरिंग घट्ट अडकवलं आणि चारही चाकं तपासली.

"सगला बराबर हाय, भाऊ. सस्पेन्शन बी टाइट. तुमीच वळनाला ॲक्सिलरेटर दाबता वाटतं."

प्रितेशला हसू आलं. मनावरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात रिकामी गाडी डावीकडे झुकली. स्प्रिंग सावकाश दबल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि सुटल्या.

"हात लावला काय तुमी?"

"नाही."

"उजवा वळन घेतल्यासारखी झुकली." जीवन दोन पावलं मागे सरकला.

प्रितेशचा फोन वाजला. मनाली दबक्या आवाजात बोलत होती.

"कोणाला पाठवलंस रे? कळा यायला लागल्या, दारात आपली गाडी दिसली म्हणून बसले. पण हा वळणावर स्पीडच कमी करत नाही. सांग ना त्याला. टेमघरचं वळण आलं बघ."

रॅम्पवरची गाडी पुन्हा डावीकडे झुकली. या वेळी तिची उजवी चाकं वर उचलली गेली.