पंख्याबद्दलचं भाषण

"आता खासदारांनी दिल्लीत केलेली भाषणं वाचतो," असं म्हणून विरोधी उमेदवार दादासो वकिलांनी लोकसभेच्या कामकाजाचे छापील खंड टेबलावर रचले. टेबल कुरकुरलं.

शेजारच्या खुर्चीत खासदार मानसिंगराव बसले होते. दोन्ही उमेदवारांनी एकाच कट्ट्यावर बसून बोलायचं, हा गावच्या जुन्या कारभाऱ्याचा, तात्याबांचा दंडक. आणि पलूसच्या आसपासची मतं तात्याबा मान हलवतील तिकडं जायची.

सत्त्याहत्तरची निवडणूक दहा दिवसांवर आली होती. दिल्लीहून येताना मानसिंगराव दर खेपेला सांगायचे, "सभागृह दणाणून सोडलं." खरं तर त्यांचं बाक अगदी मागचं. बोलायची चिठ्ठी पाठवावी, पुढचे बोलून घ्यायचे, आणि यांचा नंबर लागायच्या आत वेळ संपायची. खंडात काय छापलंय, हे त्यांना पाठ होतं. पाठ व्हायला फार नव्हतंच.

वकील दुपारी तीनला उभे राहिले होते. संसद म्हणजे काय, हे सांगण्यातच दीड तास गेला. ऊन उतरलं. म्हशी गोठ्यातून हंबरू लागल्या. उठून जायची कुणाची छाती नव्हती, कारण तात्याबा बसले होते.

"सहा वर्षांत खासदार एकदाच बोलले," वकील म्हणाले. "ऐका. 'मागच्या बाकावरचा पंखा बंद आहे.' पुढं कंसात, हशा."

त्यांनी चष्मा काढला. "संपलं भाषण."

सभेत कुणीच हसलं नाही. मानसिंगराव हात जोडून उभे राहिले.

"आवं तात्याबा, चुकलं माझं. एक डाव परत धाडा. ह्या खेपेला बोलतो."

"बोलाय तुमास्नी धाडलं हुतं कुणी?" तात्याबांनी विचारलं.

मानसिंगरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"सोसायटीच्या सभेत तुमी उभं ऱ्हायलासा की दिवस मावळायचा. पाण्याच्या पाळ्या चुकायच्या, धारा ऱ्हायच्या. गप बसा म्हणायची चोरी. मग समद्यांनी इचार केला आन् दिल्लीला घालवलं. सा वर्सं लय सुखाची गेली."

मानसिंगरावांच्या जिवात जीव आला. म्हणजे सीट शाबूत होती. "मग परत जातो की," ते घाईनं म्हणाले. "तोंड उघडणार न्हाई. शब्द देतो."

"त्येच म्हणतोय. एका वाक्यावर आलासा. खोड मोडली तुमची. आता ऱ्हावा घरी, काय तरास न्हाई."

तात्याबांनी एकवार गोठ्याकडं पाहिलं. मग वकिलांकडं. पंख्याबद्दल मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, ते वाचून दाखवायला वकील पुढचा खंड उघडत होते.

"ह्या डावाला ह्यास्नी धाडू," तात्याबा म्हणाले.